मोटारीचीं रुंद चाकें

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी तापवून चढवितात तिला आपण धाव म्हणतों, आणि वर्षानुवर्षें एकाच वाटेनें गाड्या गेल्या म्हणजे जमिनींत ज्या दोन समांतर चऱ्या पडतात त्यांना चाकोरी म्हणतों. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत पावसाळा सरला कीं ही चाकोरी विटेसारखी टणक होते. गाडीच्या दोन चाकांमधील अंतर चाकोरीशीं जुळलें नाहीं, तर एक चाक चरींत आणि दुसरें उंचवट्यावर अशी ओढाताण होते, व तिचा त्रास बैलांना आणि आंसाला सारखाच भोगावा लागतो. म्हणून गाडी बांधणारा सुतार चाक किती रुंद आहे एवढेंच पाहत नसे. तें चाक नेमकें कोठें येणार, हें तो आधीं पाही. मोटारीला मूळच्यापेक्षां रुंद चाकें बसवूं इच्छिणाऱ्यांनीं सुताराची ही दृष्टि प्रथम उसनी घ्यावी.

बुलढाणा, चिखली, खामगांव, मलकापूर यांसारख्या शहरांत आतां पुष्कळ घरांपुढें लहानमोठी मोटार उभी असते. ती घेऊन वर्ष-सहा महिने झाले कीं घरांतील तरुण मंडळींच्या मनांत मूळचीं चाकें काढून रुंद, चकचकीत अलॉय चाकें बसविण्याचा विचार येऊं लागतो. हौस वाईट नाहीं. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, दुकानासमोर सपाट जागेवर सुरेख दिसलेलीं तीं चाकें चार दिवसांत तक्रार करूं लागतात. पुरें वळण घेतांना खर्र असा आवाज येतो. मागच्या बाकावर तीन माणसें बसलीं आणि रस्त्यांत खळगा आला कीं रबर करपल्याचा वास येतो. टायरच्या खांद्यावर चकाकणारी एक रेघ उमटते. कारागीर पाहून सांगतो, “टायर घांसतो आहे.” तो कां घांसतो, आणि घांसूं नये म्हणून चाकें विकत घेण्यापूर्वींच काय पाहावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

घांसणें म्हणजे केवळ आवाजाचा उपद्रव, असें कोणीं समजूं नये. लहान मोटारीच्या चाकाचा टायरसकट व्यास सुमारें ६२० मिलिमीटर असतो. म्हणजे एका फेऱ्यांत तें जवळजवळ १.९५ मीटर अंतर कापतें, आणि ताशीं १२० किलोमीटर वेगानें तेंच चाक दर सेकंदाला १७ फेरे घेतें. मडगार्डच्या पत्र्याची आंतली घडी टायरला टेंकत असेल, तर टायरच्या परिघाचा प्रत्येक भाग मिनिटाला हजाराहून अधिक वेळां तिच्याखालून खरवडून निघेल. खांद्याचें रबर असें झिजत आंतील दोऱ्यांपर्यंत गेलें, म्हणजे टायर फुटण्यास निमित्ताचीच काय ती वाण राहते.

हा वेग आपल्या जिल्ह्याला आतां परका राहिलेला नाहीं. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग मेहकर, लोणार व सिंदखेडराजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. सपाट भागांत मोटारीला त्यावर ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजानजीक याच मार्गावर एका खाजगी बसला झालेल्या अपघातांत २५ प्रवासी मृत्यु पावले. टायर फुटल्याची वार्ता तेव्हां प्रथम पसरली होती. परिवहन खात्याच्या तपासणींत मात्र तिला आधार मिळाला नाहीं. त्या दुर्घटनेचा दोष टायरवर ठेवतां येत नाहीं, हें स्पष्टच आहे. पण एवढ्या वेगाच्या रस्त्यावर सर्वांची नजर प्रथम टायरकडे जाते, यांत नवल नाहीं. कारण मोटार आणि रस्ता यांना जोडणारी दुसरी वस्तुच नसते.

रुंदीची ओढ मोटारीइतकीच जुनी आहे. जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट १८८८ सालीं घेतलें, तेव्हां तो टायर सायकलीसाठीं होता. पुढें फोर्डची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार निघाली, तिचे पुढचे टायर अवघे ३ इंच आणि मागचे साडेतीन इंच रुंद असत. आजच्या लहानशा मोटारीचा टायरसुद्धां त्याच्या दुप्पट रुंद आहे. तेव्हां रुंदीनें लाभ होतो हें खरें. परंतु तो कोणता, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

समजा, एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमध्यें चौरस इंचीं ३० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारें २.१ किलोग्रॅम दाबाची हवा आहे. हा भार तोलण्यास टायरचा सुमारें १४० चौरस सेंटिमीटर भाग, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढा भाग, जमिनीला टेंकावा लागतो. टायर रुंद केला आणि भार व हवेचा दाब तेच ठेवले, तर ढोबळ मानानें हें क्षेत्र तेवढेंच राहतें. बदलतो तो त्याचा आकार: लांबट ठसा आडवा होतो. आडव्या ठशामुळें कोरड्या रस्त्यावर वळण घेतांना पकड सुधारते व मोटार कमी कलंडते. पण भर पावसांत तोच आडवा ठसा अधिक पाणी अंगावर घेतो, आणि वेग जास्त असेल तर पाण्याच्या थरावर लवकर तरंगूं लागतो. शिवाय चाक जड झालें कीं इंधन अधिक लागतें व स्टिअरिंग जड होतें. सारांश, रुंदी ही निर्भेळ देणगी नव्हे. तो एक देवघेवीचा व्यवहार आहे.

आतां व्यवहाराच्या आंकड्यांकडे वळूं. श्रोत्यांनीं येथें कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास बरें. टायरच्या कुशीवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असा मजकूर उठवलेला असतो. त्यांतील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ६५, अर्थात् सुमारें १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भाराचा संकेतांक असून त्याचा अर्थ एका टायरनें ५६० किलोग्रॅमपर्यंत भार वाहावा असा आहे. ‘एच’ हें अक्षर ताशीं २१० किलोमीटर ही वेगाची मर्यादा दाखवितें. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची कूस मिळवली कीं चाकाचा एकंदर व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो.

रुंद टायर निवडतांना पहिला नियम हा कीं, एकंदर व्यास बदलूं नये. याच मोटारीला १९५/५५ आर १६ बसविला, तर व्यास ६२०.९ मिलिमीटर येतो. म्हणजे केसाएवढा फरक. २०५/४५ आर १७ घेतला तर तो ६१६.३ येतो; हाहि शेंकडा एकाच्या आंतच आहे. रिम मोठी होत जाते तशी कूस बुटकी होत जाते आणि बेरीज तीच राहते. व्यास वाढला, तर टायर मडगार्डच्या छताला व पुढच्या कोपऱ्याला लागण्याचा संभव वाढतो. त्याशिवाय वेगमापकहि फसवूं लागतो: व्यास शेंकडा ३ वाढलेल्या मोटारीचा कांटा, मूळचा अचूक असला तरी, १२० दाखवील तेव्हां खरा वेग जवळजवळ १२४ असेल.

पण याच हिशेबांत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती फारच थोडे ग्राहक विचारतात. १८५/६५ आर १५ या टायरचा भारसंकेतांक ८८, म्हणजे ५६० किलोग्रॅम. १९५/५५ आर १६ चा सामान्यतः ८७, म्हणजे ५४५ किलोग्रॅम. आणि २०५/४५ आर १७ चा साध्या बांधणींत ८४, म्हणजे ५०० किलोग्रॅम. टायर रुंद होत गेला आणि त्याची भार वाहण्याची शक्ति मात्र उतरत गेली! याचें कारण असें कीं, भार मुख्यतः हवा तोलते, रबर नव्हे. आणि कूस बुटकी झाली कीं आंत हवेला जागा कमी राहते. अधिक मजबूत बांधणीचा, ‘एक्स्ट्रा लोड’ म्हणून मिळणारा टायर घेतल्यास ही उणीव भरून निघते; मात्र त्यांत हवाहि त्याच्या कोष्टकाप्रमाणें भरावी लागते. रुंद दिसतो म्हणून अधिक सोसेल, ही समजूत ज्यांनीं मनाशीं धरली असेल, त्यांनीं ती सोडून द्यावी.

आतां मुख्य मुद्याकडे, म्हणजे चाक कोठें येतें या प्रश्नाकडे, येऊं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक काल्पनिक रेषा काढली, तर हबला टेंकणारी चाकाची तबकडी सहसा त्या रेषेवर नसते. ती थोडी बाहेरच्या अंगास असते. या अंतराला ऑफसेट म्हणतात. रिमच्या आंतल्या बाजूस किंवा आऱ्यांच्या पाठीमागें ‘ईटी ४५’ यासारखी खूण असते, तिचा अर्थ ४५ मिलिमीटर ऑफसेट. हा आंकडा जितका लहान, तितकें चाक बाहेर सरकतें; जितका मोठा, तितकें तें आंत जातें.

समजा, मूळची रिम साडेपांच इंची, ऑफसेट ४५ आणि टायर १८५ रुंदीचा आहे. टायरची अर्धी रुंदी ९२.५ मिलिमीटर. म्हणून हबच्या तबकडीपासून टायर आंतल्या अंगास १३७.५ आणि बाहेरच्या अंगास ४७.५ मिलिमीटर जातो. आतां साडेसहा इंची रिमवर १९५ चा टायर घेतला. टायरची रुंदी त्याच्यासाठीं ठरलेल्या रिमवर मोजलेली असते, आणि रिम तिच्याहून अर्धा इंच रुंद घेतली कीं टायर सुमारें ५ मिलिमीटर अधिक पसरतो. म्हणून हा १९५ चा टायर येथें २०० भरतो. ऑफसेट ४५ च ठेवला, तर वाढलेले १५ मिलिमीटर दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात असे वांटले जातात. ऑफसेट ३८ घेतला, तर आंतली वाढ केवळ अर्धा मिलिमीटर उरते आणि बाहेरची साडेचौदा मिलिमीटर होते. टायर तोच, रिमची रुंदी तीच. पण एका जोडींत चाक स्प्रिंगकडे सरकतें, दुसरींत मडगार्डच्या कडेकडे. दुकानदाराला “टायर किती रुंद?” एवढेंच विचारून परतणारा ग्राहक अर्धाच प्रश्न विचारून परततो.

मग किती जागा मोकळी असावी? येथें बैलगाडी व मोटार यांच्यांतील मोठा भेद लक्षांत घेतला पाहिजे. बैलगाडीचा आंस सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो. गाडी वळते ती बैलांबरोबर सबंध वळते. सांगाड्याच्या मानानें चाक ना वळतें, ना वर उचललें जातें. म्हणून उभ्या गाडींत चाक आणि साटी यांच्यामध्यें बोटभर फट असेल, तर चालत्या गाडींतहि ती बोटभरच राहते. मोटारीचें तसें नाहीं. तिचीं चाकें स्प्रिंगवर कित्येक इंच वर-खालीं होतात, आणि पुढचीं तर दोन्ही बाजूंना वळतातहि. उभ्या मोटारीची फट हें केवळ एका क्षणाचें चित्र होय.

यास्तव चाकाचे शेजारी दोन प्रकारचे मानावेत. एक चाकाबरोबर हलणारे: ब्रेकचा कॅलिपर आणि पुढच्या चाकामागील शॉक-अब्सॉर्बरचा उभा खांब. चाक वर गेलें कीं हेहि वर जातात, चाक वळलें कीं हेहि वळतात. यांच्यापासून पांच-सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिल सरकेल एवढी, जागा असली तरी चालतें. दुसरे शेजारी मोटारीच्या अंगाला जखडलेले: मडगार्डची आंतली घडी, आंतील प्लॅस्टिकचें अस्तर, पुढच्या बंपरचा मागचा कोपरा, वळणाच्या शेवटीं चाकाजवळ येणारी चासीची कड. यांच्याकडे चाक स्वतः चालून जातें. येथें पेन्सिलभर फट म्हणजे फटच नव्हे. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर काय उरतें तेंच खरें.

आपल्या जिल्ह्यांतील रस्ते स्प्रिंग पूर्ण दाबून पाहण्यास कमी पडणारे नाहींत. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें आहे. तेथून राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे जातांना, किंवा ज्ञानगंगा अभयारण्यांतून खामगांवकडे जातांना, उतारावर ब्रेक लावला कीं मोटारीचा भार पुढें झुकतो, पुढच्या स्प्रिंगा दबतात, आणि नेमकें त्याच वेळीं वळणावर चाकेंहि वळलेलीं असतात. पुढच्या टायरला घांसण्याची याहून मोठी संधि नाहीं. मागच्या टायरची कसोटी निराळी: पांच माणसें, त्यांचें सामान आणि शेगांवची यात्रा. घाटाखालच्या सपाट रस्त्यावर जी मोटार एकट्या चालकाला कधीं कुरकुर ऐकवीत नाहीं, तीच भरल्या अंगानें एका खळग्यांत मडगार्ड टायरवर टेंकविते.

तिसरी कसोटी आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यांत मुख्य रस्ता सोडून शेताच्या पांदणीला मोटार घातली, तर चिकण गारा टायरला चिकटून वर चढतो आणि मडगार्डच्या आंत थरावर थर बसत जातो. मूळच्या चाकाभोंवतीं कारखानदारानें जी ऐसपैस जागा सोडलेली असते ती वायां गेलेली नसते. अशा चिखलासाठींहि तिचा उपयोग होतो. ती सर्व जागा टायरनें व्यापली, तर चिखलाला राहावयास टायर आणि पत्रा यांच्यामधलीच जागा उरते, आणि वाळल्यावर तोच गारा कानसेसारखा टायर घांसूं लागतो. ज्यांना आठवड्यांतून दोनदां शेतावर जावें लागतें त्यांनीं रुंदीचा मोह आंवरावा, हेंच बरें.

चाकें विकत घेण्यापूर्वीं परीक्षा कशी करावी, तेंहि सांगतों. प्रथम चारहि चाकांचे पैसे देऊं नयेत. टायर चढविलेलें एक चाक पुढें व एक मागें लावून दाखविण्यास दुकानदारास सांगावें. चाक हातानें फिरवून तें ब्रेकला व खांबाला लागत नाहीं ना, हें बोट घालून पाहावें. मग मोटार जमिनीवर उतरवून स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें, हळूहळू पुढें व मागें चालवावें. नंतर घरचीं सर्व माणसें आंत बसवून हेंच पुन्हां करावें. त्यानंतर एक पुढचें चाक आणि त्याच्या तिरप्या समोरचें मागचें चाक बळकट व रुंद ठोकळ्यांवर चढवावें, म्हणजे त्या दोन्ही स्प्रिंगा दबतील आणि उरलेली जागा डोळ्यांनीं दिसेल. शेवटीं मडगार्डच्या घडीवर व अस्तरावर खडूचा जाड थर द्यावा आणि नेहमींच्या रस्त्यावर वीस किलोमीटर फिरून यावें. खडू जेथें पुसला गेला तेथें टायर पोंचला. यांत वादाला जागा नाहीं.

घांस आढळली तर उपाय कोणत्या क्रमानें करावेत? सर्वांत उत्तम उपाय म्हणजे एक माप अरुंद टायर घेणें किंवा योग्य ऑफसेटची रिम घेणें. दुसरा उपाय मडगार्डची आंतली घडी यंत्रानें वर दाबून घेण्याचा आहे. तो अनुभवी हाताकडूनच व्हावा; रंग तडकला तर पुढच्या पावसाळ्यांत तेथें गंज धरतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे तुकडे अडकवून मोटार उंच ठेवण्याची जी युक्ति सांगतात तिनें आवाज कांहीं दिवस थांबतो. पण स्प्रिंगची लवच कमी होते आणि खळग्याचा धक्का सरळ मोटारीला बसतो. आंत घांसणारें चाक बाहेर काढण्यासाठीं हब व रिम यांच्यामध्यें स्पेसर नांवाची जाड चकती घालण्याचाहि प्रघात आहे. तिनें चाक हबच्या बेअरिंगपासून दूर जातें व बेअरिंगवर ताण वाढतो. शिवाय नट धरण्यास बोल्टचा आटा कमी उरतो. साध्या चकतीच्या बाबतींत कसोटी सोपी आहे: बोल्टचा जितका व्यास, निदान तितक्या लांबीचा आटा नटांत गेला पाहिजे. १२ मिलिमीटर व्यासाचा व दीड मिलिमीटर आट्याचा बोल्ट असेल, तर नट हातानें निदान आठ पूर्ण फेरे आंत गेला पाहिजे. त्याहून कमी जात असेल, तर ती चकती त्याच वेळीं काढून टाकावी.

चाक कितीहि योग्य मापाचें असलें तरी तें हबवर नीट बसलें नाहीं, तर सर्व हिशेब फुकट जातो. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळावा. ४ बोल्ट व १०० मिलिमीटर वर्तुळाच्या हबवर ९८ मिलिमीटर वर्तुळाचें चाक बळजबरीनें बसूं शकतें, पण तें सरळ बसत नाहीं. तसेंच चाकाचें मधलें भोंक हबला घट्ट असावें. कांहीं लहान मोटारींच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर असतो, आणि बाजारांतील अलॉय चाकाचें भोंक मात्र ७३.१ मिलिमीटरचें, कारण तें अनेक मोटारींना चालावें असा निर्मात्याचा हेतु असतो. मधली पोकळी भरणारी कडी मिळते. ती न घातल्यास महामार्गावर स्टिअरिंग थरथरूं लागतें आणि दोष बॅलन्सिंगच्या माथीं मारला जातो. नटाचें टोंक शंकूसारखें कीं गोल, हेंहि चाकाच्या खोबणीशीं जुळलें पाहिजे. नट समोरासमोरचे असे आळीपाळीनें, मोटारीच्या पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें आंवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावेत.

कायद्याचेंहि येथें स्मरण ठेवावें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणींतील तपशील कारखानदारानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मधील निकालांत याचा स्पष्ट निर्वाळा दिलेला आहे. तेव्हां मडगार्डच्या बाहेर डोकावणारे टायर परिवहन अधिकाऱ्याच्या नजरेंत तर भरतातच, पण अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळींहि आडवे येऊं शकतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून उथळ झाली कीं मोटार नियमांत बसत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. घांसणारा टायर त्या मर्यादेपर्यंत खांद्यावर कितीतरी आधीं पोंचतो.

इतकें ऐकल्यावर कोणी विचारील, “मग हौस पुरवूंच नये काय?” अवश्य पुरवावी; आणि तिचा निर्धोक मार्ग बहुधा कारखानदारानेंच आंखून ठेवलेला असतो. एकाच मोटारीच्या स्वस्त व महाग अशा दोन प्रती निघतात. ‘स्विफ्ट’सारख्या लहान मोटारीच्या स्वस्त प्रतीला १६५/८० आर १४ आणि महाग प्रतीला १८५/६५ आर १५ हे टायर देण्यांत आले आहेत. पहिल्याचा व्यास ६१९.६ आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिलिमीटर; म्हणजे व्यासांत दोन मिलिमीटरांचाहि फरक नाहीं, आणि रुंदी मात्र २० मिलिमीटरांनीं वाढलेली. ही वाढ भार, वेग, वळण व खळगे या सर्वांसह कारखान्यांत पारखलेली असते. स्वस्त प्रतीच्या मालकानें महाग प्रतीचीं चाकें, त्याच रिमची रुंदी आणि तोच ऑफसेट ठेवून, बसविलीं तर घांसण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाहीं. दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत आणि मोटारीच्या पुस्तिकेंत हीं मापें दिलेलीं असतात. चाकांच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तीं एका कागदावर उतरून घ्यावींत: टायरचें माप, भारसंकेतांक, रिमची रुंदी, ऑफसेट आणि बोल्टचें वर्तुळ. या पांच आंकड्यांचें उत्तर जो दुकानदार न अडखळतां देईल, त्याच्याकडे मोटार निःशंक सोपवावी. आणि जो “बसतंय हो, साहेब” एवढेंच म्हणेल, त्याचे आभार मानून पुढच्या दुकानाकडे वळावें.